मुलीने शिट्टी ड्रॉवरमध्ये टाकून दिली आहे

रानवारा (धागा सुरू करणारी)

रविवारपासून मनात साचलं आहे, ते इथे लिहून टाकते. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. फुटबॉल खेळायची. गुडघा दुखावल्यावर खेळणं थांबलं, पण मैदान सुटेना, म्हणून तिने पंचांचा कोर्स केला, परीक्षा दिली आणि बारा वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यांना पंच म्हणून जायला लागली. सामन्याच्या आदल्या रात्री ती आरशासमोर उभी राहून खुणांचा सराव करायची. इनडायरेक्ट फ्री किकला हात डोक्यावर सरळ, आणि दुसऱ्या कुणाचा स्पर्श होईपर्यंत तो खाली घ्यायचा नाही. मी स्वयंपाकघरातून बघायचे आणि मला फार बरं वाटायचं.

रविवारी तिचा सातवा सामना होता. या वयोगटात बाजूला झेंडा घेऊन उभा राहणारा सहायक बहुतेक वेळा नसतोच, सगळं एकटीनेच बघायचं असतं. दुसऱ्या हाफमध्ये तिने एक गोल ऑफसाइड म्हणून, म्हणजे पास दिला तेव्हा खेळाडू समोरच्या बचावपटूंच्या पुढे होता म्हणून, नाकारला. निर्णय बरोबर होता की चूक, मला खरंच सांगता येणार नाही. मी वीस पावलांवर होते, पण रेषेत नव्हते. ती रेषेत होती.

तिथून सुरू झालं. आधी "अगं बघ जरा नीट!" मग "कुणी पाठवली हिला?" मग जे बोललं गेलं ते मी इथे लिहिणार नाही. सामना संपल्याची शिट्टी झाली आणि एक गृहस्थ मैदानात चालत गेले. धावत नाही, चालत. तिच्या हातातली वही हिसकावली, पानं उलटली, वही खाली टाकली आणि दोन्ही हातांनी तिला खांद्यांना धरून मागे ढकललं. ती बसकण मारल्यासारखी खाली पडली. ज्याचा गोल नाकारला होता तो त्यांचाच मुलगा. तो तीन-चार हातांवर उभा होता. त्याने वडिलांकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं आणि मग मान खाली घालून बुटांकडे बघत राहिला.

आम्ही मोठी माणसं साठेक तरी होतो. पहिल्या ओरड्यापासून त्या धक्क्यापर्यंत पंचवीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात "पुरे आता" असं एकानेही म्हटलं नाही. मीही नाही. आईने मध्ये पडलं तर पोरीलाच खाली बघावं लागेल, असं मला वाटत राहिलं. हे मला सारखं टोचतं आहे.

घरी आल्यावर तिने शिट्टी दोरीसकट ड्रॉवरमध्ये टाकली. वही मी पुसून ठेवली. त्यात पेन्सिलने "दु. हा. ११ मि., ऑफ., क्र. ९" एवढंच लिहिलं आहे, अक्षर एकदम नीट. त्यानंतरच्या ओळी वाकड्या होत गेल्या आहेत.

तक्रार करू म्हटलं तर ती नको म्हणते. कुणाला असा अनुभव आहे का? हे पूर्वीपासून असंच आहे की आताच वाढलं आहे? मी काय करू?


सीमारेषा

रानवारा ताई, बावीस वर्षं पंचगिरी केली आहे, त्यातली निम्म्याहून जास्त मुलांच्या सामन्यांत. आधी कामाचं सांगतो, बाकीचं नंतर.

अहवाल आजच लिहायला बसा. तक्रार करायची की नाही हा विषय वेगळा ठेवा. सामन्याचा अहवाल देणं हे पंचाचं कामच आहे, तो सामन्याचाच भाग आहे, असं तिला सांगा. त्यात "असभ्य वर्तन केलं" असलं काही नको. जे शब्द उच्चारले गेले ते जसेच्या तसे लिहायचे, शिवी असली तरी. कोणत्या मिनिटाला, किती अंतरावरून, कोणत्या हाताने, कुठे. कोण कोण बघत होतं. त्या वहीचं पान फाडू नका, त्याचा फोटो काढून ठेवा. दिवस जातात तसं आठवणीतलं एकेक निसटत जातं, आणि सुनावणीत पहिला प्रश्न नेमका त्यावरच येतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पूर्वीही होतं. पण आपण "नुसता धक्का तर दिला" म्हणून सोडून देतो ना, तिथे मला राहवत नाही. २ डिसेंबर २०१२ ला नेदरलँड्समधल्या आल्मेरे शहरात मुलांच्या फुटबॉल सामन्यात ४१ वर्षांचे एक गृहस्थ लाइन्समन म्हणून उभे होते. पगारी पंच नव्हेत. मुलगा त्या संघात खेळायचा, म्हणून हौसेने झेंडा धरणारे वडील. सामना संपल्यावर प्रतिस्पर्धी संघातल्या मुलांनी त्यांना पाडून लाथा घातल्या. ते उठले, घरी गेले, थोड्या वेळाने दुसरा सामना बघायला परत आले आणि तिथे कोसळले. दुसऱ्या दिवशी गेले. पुढच्या शनिवार-रविवारचे देशभरातले सगळे हौशी सामने रद्द झाले, सुमारे ३३,००० सामने. पुढे सहा किशोरवयीन मुलं दोषी ठरली, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्यातल्याच एकाचा बापही. बापाला सहा वर्षांची कैद झाली.

मुलांनी मारलं अशी बातमी आपण वाचतो. तिथे एक बापही होता, हे मी माझ्या प्रत्येक नव्या पंचाला सांगतो.


कोरफड

ताई, मी डॉक्टर आहे, म्हणून विषयापासून जरा बाजूला जाऊन लिहिते. मुलगी पडली तेव्हा मानेला हिसका बसला का? डोकं आपटलं का? सीमारेषांनी सांगितलेल्या घटनेत मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झालेली होती. त्यानंतर पाचच महिन्यांनी, एप्रिल २०१३ मध्ये, अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा वर्षांच्या गोलकीपरने यलो कार्ड दाखवलं म्हणून पंचाच्या डोक्यावर ठोसा मारला. सुरुवातीला इजा किरकोळ वाटली होती. पंच कोमात गेले आणि आठवडाभरात वारले.

घाबरवायला सांगत नाही. पण "उठून बसला, बोलतोय, म्हणजे ठीक आहे" हे मैदानावर फार सहज बोललं जातं. डोक्याला किंवा मानेला मार लागल्यावर मान दुखणं, गरगरणं, उलटी, जीभ जड होणं, एकीकडे मुंग्या येणं, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका, लगेच रुग्णालय गाठा. आणि अशा माणसाला घरी एकटं जाऊ देऊ नका.


रानवारा

कोरफड, मनापासून आभार. डोकं आपटलं नव्हतं, पण तुमचं वाचून तिला आज दाखवून आणलं. तळहात खरचटले आहेत, बाकी सगळं ठीक. सीमारेषा, वहीच्या पानाचा फोटो काढला.


जुना_फळा

तीस वर्षं शिकवलं आहे मी. एकच सांगतो. धाक गेला आणि तिथेच सगळं बिघडलं. आमच्या वेळी पंचाने बोट वर केलं की बॅट काखेत मारून तंबूची वाट धरायची, मागे वळून बघायचं नाही. आता घरात बाप शिक्षकाला नावं ठेवतो, पोरगं ऐकतं, आणि मैदानावर तेच ओकतं. पंचांमुखी परमेश्वर म्हणायचे लोक. तो परमेश्वर आता कुणाला नको आहे.


दुसरी_बाजू

सर, तुमच्या अनुभवाबद्दल आदर ठेवून असहमती नोंदवते.

मीही धाकातच वाढले. प्रशिक्षकासमोर तोंड उघडायचं नाही, हा नियम होता. त्या गप्प बसण्याच्या आड काय काय चालायचं, ते आमच्यातल्या काही मुलींनी पंधरा-पंधरा वर्षांनी सांगितलं. तेव्हा "मोठ्यांना उलट विचारू नये" हे परत यावं असं मला अजिबात वाटत नाही. मुलांनी विचारायलाच हवं.

पण पंचाचा अधिकार त्या जातीचा नाही, आणि इथेच आपली गल्लत होते. फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळात पंच मैदानात नसायचाच. दोन्ही संघ आपापला एकेक अंपायर आणायचे आणि त्या दोघांचं जुळलं नाही की बाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाकडे वाद सोपवायचे. सोपवणं म्हणजे 'रेफर' करणं, म्हणून तो रेफरी. १८९१ मध्ये त्या तिसऱ्या माणसाला मैदानात घेतलं आणि ते दोन अंपायर लाइन्समन झाले. थोडक्यात, हा अधिकार वरून कुणी लादलेला नाही. खेळणाऱ्यांना आपसात निकाल लावता येईना, म्हणून त्यांनी तो स्वतः एकाच्या हातात दिला. आजही सामना सुरू होताना तेच होतं. तुम्ही संघ मैदानात उतरवला, त्याच क्षणी तुम्ही त्या सोळा वर्षांच्या मुलीला म्हणालात, की तू ठरव, आम्ही मानू.

फुटबॉलचे नियम तरी पंच चुकत नाही असं कुठे म्हणतात? पंचाने आपल्या कुवतीनुसार, नियमांना आणि खेळाच्या वृत्तीला धरून निर्णय द्यायचा, आणि खेळातल्या घडामोडींबाबत तो निर्णय अंतिम, एवढंच आहे. चूक होणार हे धरूनच तो अंतिम ठेवला आहे. नाहीतर बारा वर्षांच्या मुलांचा एक सामना संध्याकाळपर्यंत संपायचा नाही.

म्हणून सर, धाक हा शब्द मला इथे बसत नाही. दिलेला शब्द पाळणं, इतकं साधं आहे हे.


जुना_फळा

दिलेला शब्द. हे पटलं. धाकाबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.


दुपारची_सावली

हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. रानवारा ताई, तुमच्या मैदानावरचा तो माणूस मी नव्हे, पण मी त्याच्यापासून फार लांबही नव्हतो.

माझा मुलगा हँडबॉल खेळतो. मी प्रत्येक सामन्याला जायचो, आणि प्रत्येक सामन्यात ओरडायचो. मला ते ओरडणं वाटायचंच नाही. मुलाच्या बाजूने उभं राहणं वाटायचं. त्याच्यासाठी पहाटे उठलो, त्याला कुठे कुठे घेऊन गेलो, आणि हा कोण एक पोरगा शिट्टी फुंकून सगळं घालवतो, असं आत पेटायचं. एकदा पंचाच्या मागे मागे त्याच्या गाडीपर्यंत गेलो. हात लावला नाही. पण तो गाडीत बसला, दार आतून लावलं आणि काचेतून माझ्याकडे बघत राहिला. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा दिसलंच नाही. आता दिसतं.

परत येताना मुलगा मागच्या सीटवर बसला. नेहमी पुढे बसायचा. घराजवळ आल्यावर म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी तुम्ही येऊ नका." राग नव्हता आवाजात. विनंती होती.

मी वर्षभर गेलो नाही. आता जातो, पण गोलच्या मागे, कोपऱ्यात, एकटा उभा राहतो. बाकीच्या पालकांमध्ये उभा राहिलो की एकाचं ऐकून दुसरा चढतो आणि आपणही कधी सुरू झालो ते कळत नाही. त्या पंचाची माफी मागायची राहून गेली आहे. त्याने त्याच हंगामात काम सोडलं.


पाऊलवाट

सावली, लिहिलंत हे फार चांगलं केलंत.


आडवी_बॅट

मी क्रिकेटमध्ये अंपायरिंग करतो. धाक असो की शब्द, मला मैदानावर उद्या काय उपयोगी पडेल ते जास्त महत्त्वाचं वाटतं. थोडं सविस्तर लिहितो.

क्रिकेटला सभ्य माणसांचा खेळ म्हणत म्हणत आपण फार वर्षं काढली. अंपायरच्या हातात खेळाडूला बाहेर काढायचा अधिकारच नव्हता. १ ऑक्टोबर २०१७ पासून एमसीसीच्या, म्हणजे क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या क्लबच्या, नियमांमध्ये ४२ वा नियम आला, खेळाडूंच्या वर्तनाचा. त्यात चार पातळ्या आहेत. अंपायरला धमकावणारी भाषा किंवा हावभाव तिसऱ्या पातळीवर येतात, त्याला काही षटकांसाठी मैदानाबाहेर, आणि समोरच्या संघाला ५ धावा. हल्ल्याची धमकी किंवा प्रत्यक्ष अंगावर हात टाकला तर चौथी पातळी, उरलेल्या सामन्यातून बाहेर, वर ५ धावा. हा नियम करावा लागला यातच काय ते आलं, पण आला ते उत्तम झालं. पूर्वी मी फक्त कॅप्टनला बोलावून सांगू शकत होतो आणि कॅप्टनच शिव्या देणारा असला तर झालं.

इंग्लंडमध्ये फुटबॉलवाल्यांनी हुज्जत घालणाऱ्याला दहा मिनिटं बाहेर बसवायची पद्धत आधी ३१ लीगमध्ये करून बघितली. हुज्जत ३८ टक्क्यांनी कमी झाली. मग २०१९-२० च्या हंगामापासून तळाच्या सगळ्या स्तरांवर लागू केली. मला यात सगळ्यात काय आवडतं सांगू? शिक्षा तिथल्या तिथे होते आणि संघाला ती जाणवते. पंधरा दिवसांनी येणाऱ्या दंडाच्या पत्राने चौदा वर्षांच्या मुलाला काही शिकवलेलं मी पाहिलेलं नाही. दहा जणांनी खेळायला लागलं की त्याचेच मित्र त्याला सांगतात, तोंड बंद ठेव.

दुसरी गोष्ट, पंचाशी फक्त कॅप्टनने बोलायचं. रग्बीत हे फार पूर्वीपासून आहे आणि हुज्जत घातली तर पेनल्टीची जागा दहा मीटर पुढे सरकते. फुटबॉलनेही जुलै २०२४ पासून तळाच्या सामन्यांसाठी कॅप्टनपुरतीच बोलण्याची मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. प्रश्न विचारायला वाव राहतो, दुसरी_बाजू यांना हवा तसा, आणि अकरा जणांचा घोळका अंगावर येत नाही. सोळा वर्षांच्या पंचासाठी त्या घोळक्याची भीतीच सर्वांत मोठी असते.

बाकी, मोठ्यांच्या खेळात जे दिसतं ते खाली झिरपतं. डिसेंबर २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या अव्वल लीगमध्ये सामना संपताच एका क्लबच्या अध्यक्षाने मैदानात येऊन पंचाला ठोसा लगावला, खाली पडलेल्या पंचाला लाथाही बसल्या. अध्यक्षाने! तिथल्या लीग थांबवल्या, त्याच्यावर कायमची बंदी आली. पण तो ठोसा लहान मुलांनी मोबाइलवर किती वेळा पाहिला असेल, याचा विचार करा.

आणि हे असंच चाललं तर पंच उरणार नाहीत. अमेरिकेत शालेय क्रीडा संघटनांच्या राष्ट्रीय महासंघाने सांगितलेला आकडा आहे, २०१८-१९ ते २०२१-२२ या काळात सुमारे ५०,००० पंच घटले. त्यात महासाथीचा वाटा आहेच, पण सोडून जाणाऱ्यांना कारण विचारलं की प्रेक्षकांची आणि पालकांची वागणूक हटकून वर असते. नवा पंच पहिल्या एक-दोन हंगामांतच गळतो. तुमची मुलगी सातव्या सामन्यावर आहे, ताई. नेमका तोच टप्पा.


वाटसरू_तीन

मुलांच्या संघाचा कोच आहे मी, तेव्हा आमच्याबद्दल कुणीच का बोलत नाही, असा प्रश्न पडला. टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, पहिला आवाज बहुतेक वेळा कोचचा असतो. मी हात झटकला, डोक्याला हात लावला, "काय चाललंय?" असं नुसतं पुटपुटलो, की मागचे पालक समजतात, चला, परवानगी मिळाली. माझ्या हातांवर ताबा आणायला मला दोन वर्षं लागली. आता सामन्याआधी पंचाकडे जातो, नाव विचारतो आणि पालकांसमोर मोठ्याने त्या नावाने ओळख करून देतो. ज्याचं नाव माहीत आहे त्याला "ए" म्हणणं जरा जड जातं. काही गावंढळपणा करणारे तरीही करतात, त्यांना मी बाहेर थांबायला सांगतो, आणि ते गेल्याशिवाय संघ खेळवत नाही.

रानवारा ताईंच्या प्रसंगात कोच कुठे होते?


रानवारा

वाटसरू, दोन्ही कोच तिथेच होते. एक बाटल्या गोळा करत होते. दुसरे नंतर येऊन म्हणाले, "मनावर घेऊ नका, चांगले गृहस्थ आहेत ते, सामन्याच्या तापात होतं असं." मी मान हलवली. का हलवली ते आता कळत नाही.

काल रात्री तिला हा धागा वाचायला दिला. सगळा वाचला, सावलींचा प्रतिसाद दोनदा. मग म्हणाली, "आई, त्यांचा मुलगा मागच्या सीटवर बसला ना, तसाच तो नऊ नंबर बघत होता बुटांकडे." बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, की अहवाल दिला तर त्या मुलाला संघातून काढतील का? त्याने काहीच केलं नव्हतं. तो तर गोल नाकारल्यावर "ओके रेफ" म्हणून परत धावत गेला होता. हे मला माहीतच नव्हतं. त्या आरड्याओरड्यात ऐकू येणं शक्यच नव्हतं.

आज सकाळी ती लिहायला बसली. सीमारेषांनी सांगितलं तसं, मिनिट, अंतर, शब्द. शिव्या लिहिताना थांबली, मग लिहिल्या. दीड पान झालं. शेवटी तिने एक वाक्य लिहिलं आहे, "मी घाबरले होते आणि पुढचे दोन फाउल मी पाहूनही दिले नाहीत." हे वाक्य काढावं असं मला वाटतं. समिती म्हणेल, मुलीला झेपत नाही. ती काढायला तयार नाही. सीमारेषा, तुम्हीच सांगा. तिला उद्या पाठवायचं आहे.


सीमारेषा

काढू नका.

समितीवर मी सहा वर्षं होतो. दरवर्षी अहवाल यायचे, "प्रेक्षकांनी गोंधळ घातला, सामना सुरळीत पार पडला." आम्ही ताकीद द्यायचो आणि फाइल बंद. बाहेरच्या ओरडण्याने आतला सामना बदलतो, हे एकाही पंचाने लिहून दिलं नाही. मीही नाही दिलं, आणि माझेही असे फाउल राहिले आहेत. भीतीने दिले नाहीत म्हणजे ज्या मुलांना ते लागले त्यांच्यावर अन्याय झाला, आणि तो त्या गृहस्थांमुळे झाला. हे समितीला कळायलाच हवं आणि ते फक्त तीच सांगू शकते.

त्या नऊ नंबरचंही लिहायला सांगा. "खेळाडू क्र. ९ ने निर्णय लगेच मान्य केला, त्याच्याबद्दल कोणतीही तक्रार नाही." वेगळ्या ओळीत, ठळक दिसेल असं. म्हणजे शिक्षा मुलाकडे वळणार नाही.

पाठवल्यावर पोच मागून घ्या, तारखेसह. आणि सुनावणीला बोलावलं तर तिला एकटीला पाठवू नका. मी येऊ शकलो तर येईन, मला व्यक्तिगत निरोपात तारीख कळवा.


रानवारा

नऊ नंबरची ओळ तिने आधीच लिहिली होती, पहिल्याच परिच्छेदात. तारीख कळली की कळवते. शिट्टी अजून ड्रॉवरमध्येच आहे, मी तिला त्याबद्दल काही विचारलेलं नाही.